इंग्रजीतलं पांढरं खोटं

हे तुम्हाला तुमचा बाबा वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तुम्हा दोघांना अक्षरं लागतात, पण एक पान संपेपर्यंत अर्धा रविवार जातो. म्हणून आधीच सांगून ठेवते. वाचता वाचता तो मध्येच थांबला, किंवा एखादं वाक्य गिळून पुढे गेला असं वाटलं, तर त्याला मागे जायला लावा. मी एकही वाक्य गाळण्यासाठी लिहिलेलं नाही.

सुरुवात तुमच्या शाळेमुळे झाली. मोठीला बाईंनी सांगितलं होतं, की इंग्रजीत रंगांवरून जे वाक्प्रचार आहेत ते गोळा करा, त्यांचे अर्थ लिहा, आणि तुमच्या घरच्या भाषेत त्यांना काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारून आणा. मेलबर्नच्या शाळेतल्या कुणा बाईंना उज्जैनच्या आजीची आठवण व्हावी, याचं मला बरं वाटलं. मी निवृत्त होईपर्यंत इथे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. सगळ्या मुली हिंदी माध्यमाच्या. वाक्प्रचारांचा धडा आला की मी फळ्याचे दोन भाग करायची, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे हिंदी. मराठी मनातल्या मनात लिहायची, कारण ती कुणी मागितली नव्हती. ती पहिल्यांदा तुम्ही मागितलीत.

घरातल्या भाषांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील साताऱ्याहून शिक्षक म्हणून इकडे आले, त्यामुळे माझी मराठी माझ्या आईच्या धाकात वाढली. तुमच्या आजोबांचं घराणं मात्र शिंदे सरकारच्या दफ्तरात लिहिणाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळली आहे, की कुठे काय संपतं ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांना एखादी गोष्ट कळत नाही, ‘माहीत पडते’. ते बाजारात जात नाहीत, ‘जाऊन राहिले’ असतात. पुण्याच्या एका लग्नात त्यांनी वाढप्याला म्हटलं, “भाऊ, थोडी सब्जी द्या.” शेजारच्या पाटावरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, “तुम्ही मराठी किती छान शिकलात हो.”

“हो,” आजोबा म्हणाले, “सात पिढ्या लागल्या.”

इंग्रजी त्यांना ऑफिसापुरती येते. सरकारी खात्यात होते. पत्रातले शब्द एकेक करून ओळखायचे, त्यांची हिंदी करायची, आणि मग ती हिंदी मनात वाचून उत्तर लिहायचं, ही त्यांची पद्धत. ती त्यांनी नोकरीभर वापरली आणि ऑफिसात कुठे अडली नाही.

आता त्या रविवारचं. हिवाळा नुकता लागला होता. तुमच्याशी व्हिडिओवर बोलायला टॅबलेट मी शेवेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि आजोबा दाराशी खुर्ची टाकून मटार सोलत होते. तुमचा बाबा सामान आणायला गेला होता. हे महत्त्वाचं आहे, कारण तो तिकडे घरात असला की आजोबा इकडे खुर्ची आणखी मागे, अंगणात नेतात. नेत असत.

तुम्हाला ते आठवत असेल. तुम्ही लहान होतात, इंदूरच्या लग्नाला आला होतात आणि चार दिवस आमच्याकडे माधवनगरला राहिलात. आजोबांनी तुम्हाला घाटावर नेलं, फ्रीगंजात पोहे-जिलबी खाऊ घातली, खांद्यावर घेतलं. आणि जेवताना धाकट्याला म्हणायचे, “तुझ्या बापाला विचार, भात घेतो का.” धाकटा मान वळवून विचारायचा, “बाबा, भात?” बाबा म्हणायचा, “आजोबांना सांग, बस.” तुम्हाला तो खेळ वाटला होता. परत गेल्यावरही तुम्ही जेवणाच्या टेबलावर तसंच खेळत होतात, असं तुमची आई म्हणाली होती. तो खेळ नव्हता. त्या वेळी आजोबा तुमच्या बाबाशी सरळ बोलत नव्हते.

मला वाटायचं, मुलगा परत आला नाही याचा तो राग आहे. तुमच्या बाबालाही तसंच वाटायचं. कारण डोळ्यांसमोर होतं. तुमचा बाबा गेला तेव्हा परत यायचं ठरवून गेला होता. त्याच्यासाठी आजोबांनी गच्चीवर खोली बांधली, बाहेरून वेगळा जिना काढला, खिडकीला जाळ्या बसवल्या. दरवर्षी फोनवर तो म्हणायचा, “पुढच्या वर्षी येतो, अण्णा.” आजोबा दरवर्षी त्या खोलीला चुना मारून घ्यायचे. एका वर्षी मी देवासला बहिणीकडे गेले होते. तिचं आजारपण होतं. परतले तर फाटकावर पत्र्याची पाटी लटकत होती, ‘ऊपर का कमरा किराए से देना है’. मी विचारलं, हे काय? आजोबा म्हणाले, “तो येत नाही. माहीत पडलं.” त्यापुढे काही नाही. त्या दिवसापासून फोन वाजला की म्हणायचे, “तुझा आहे,” आणि कुंड्यांना पाणी घालायला जायचे. पाणी आधीच घातलेलं असलं तरी.

तर मटार. मोठीनं विचारायला सुरुवात केली.

“आजी, आय ॲम फीलिंग ब्लू. म्हणजे सॅड. मराठीत काय?”

“मराठीत कुणाला निळं वाटत नाही,” मी म्हटलं. “मराठीत मन खट्टू होतं.”

“खट्टू कुठला कलर आहे?” धाकट्यानं विचारलं.

“खट्टूला रंग नाही रे.”

“मग कसं लिहायचं?” मोठी वैतागली. तिच्याकडे रकाने आखलेले होते. हा गुण माझ्याकडून आला आहे.

मग ‘ब्लॅक शीप’ निघाली. मी सांगितलं, घरातला वाया गेलेला माणूस, आपण म्हणतो कुलांगार, पण त्यात काळा रंग नाही. दाराकडून आवाज आला, “काळ्या मेंढीनं काय घोडं मारलं? काळ्या लोकरीचं घोंगडं देवापुढे अंथरतात. पांढऱ्याला कोण विचारतो?”

“घोडा कोणी मारला?” धाकटा घाबरून म्हणाला.

“कोणी नाही मारला. तुझे आजोबा बोलून राहिले आहेत,” मी म्हटलं. मलाही कधी कधी लागण होते.

आजोबांना चेव आला. ‘रेड टेप’ म्हटल्याबरोबर ते परात घेऊन टेबलाजवळच आले. “लालफीत! अगं, हा वाक्प्रचार नाही. ही खरीखुरी असते. फायलीला बांधायची सुती फीत. माझ्या कपाटात तिची रिळं असायची. पावसाळ्यात ओल धरली की रंग सुटायचा, दिवसभर बोटं लाल.”

धाकटा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “म्हणजे आजोबा, तुम्ही रोज रेड-हँडेड होतात?”

आजोबा इतके हसले की मटार जमिनीवर सांडले. मी सांगितलं, की आपल्याकडे रंगेहाथ पकडतात, कुठला रंग ते सांगत नाहीत. ते मोठीनं लिहून घेतलं. ‘व्हाइट एलिफंट’ सोपा गेला. पांढरा हत्ती मराठीत जसाच्या तसा आहे. कामाचा नाही, पोसायला महाग, आणि टाकवतही नाही. “बाबाचं ट्रेडमिल,” मोठी म्हणाली, आणि बाबाचा उल्लेख येऊनही आजोबा उठले नाहीत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वाटलं, असेच बसून राहिले आणि तो दुकानातून परत आला तर?

मग मोठीनं पुढचा शब्द वाचला, “व्हाइट लाय.” आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच म्हणाली, “हे मला येतं. आई केस कापून येते आणि विचारते, छान दिसतंय का? छान नसतं. पण आपण म्हणतो छान आहे. कारण तिला वाईट वाटेल. ते व्हाइट लाय.”

“शाब्बास,” मी म्हटलं. “आता गंमत ऐक. आमच्या उज्जैनला हिंदीत हाच शब्द आहे, सफेद झूठ. तोच रंग, तेच खोटं. पण अर्थ बरोबर उलटा. सफेद झूठ म्हणजे भर दुपारी, डोळ्यांत डोळे घालून, लाज सोडून सांगितलेलं खोटं. मराठीत धादांत. माझ्या वर्गात दरवर्षी चार-दोन मुली तरी ‘व्हाइट लाय’पुढे ‘सफेद झूठ’ लिहायच्या, आणि मी लाल शाईनं…”

“थांब,” आजोबा म्हणाले.

त्यांच्या हातात एक शेंग होती, अर्धी उघडलेली.

“इंग्रजीत काय म्हणालीस?”

मोठीनं पुन्हा सांगितलं. केस, आई, छान आहे. तिला वाटलं, आजोबांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्यानं सांगितलं. आजोबांनी शेंग परातीत ठेवली, उठले आणि बाहेर गेले. “आजोबांना काय झालं?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दूध बघायला गेले. ते माझं व्हाइट लाय होतं. तुमचा अभ्यास पुरा केला, तुम्हाला टाटा केलं आणि मग मी त्यांना शोधायला गेले.

ते गच्चीच्या जिन्यावर, खालच्या पायऱ्यांवर बसले होते. मी चहा घेऊन गेले.

“बस,” ते म्हणाले. “तुला विचारतो ते नीट सांग. मास्तरीण म्हणून सांग, त्याची आई म्हणून नाही.”

“विचारा.”

“इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल असं म्हणतो का, की मी व्हाइट लाय सांगितलं?”

“म्हणतो.”

“मान वर करून?”

“मान खाली घालूनच बहुतेक. तुमचं मन दुखू नये म्हणून खरं बोललो नाही, असा त्याचा अर्थ. माफी मागायची ती एक रीत आहे.”

चहावर साय धरली.

“मग तो माफी मागत होता,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं, मी देवासला होते तेव्हा काय झालं ते. तुमच्या बाबाचा फोन आला होता. त्यानं सांगितलं, की तिकडे घर घेतलं आहे, कायमचं राहायचं ठरलं आहे, ठरून बरेच दिवस झाले आहेत. आजोबांनी विचारलं, मग दरवर्षी पुढच्या वर्षी येतो म्हणत होतास, ते काय होतं? तो म्हणाला, “ते… व्हाइट लाय होतं, अण्णा.”

“मला व्हाइट येतं. लाय येतं,” आजोबा म्हणाले. “ऑफिसात करायचो तसं जोडलं. सफेद झूठ. म्हटलं, बाप विचारतो आहे आणि हा तोंडावर सांगतो, हो, मी तुम्हाला इतकी वर्षं सफेद झूठ सांगितलं. जसं काही विशेष नाही. मी फोन ठेवून दिला.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? की तुझा मुलगा निर्लज्ज निघाला? तू त्याची बाजू घेतली असतीस.”

“आणि नसती घेतली तर?”

“तर आणखी वाईट झालं असतं. माझ्या एकट्याचा राग पुरे होता.”

मी म्हटलं, तो परत येत नाही याचा राग होता ना पण? ते माझ्याकडे बघून म्हणाले, “होता की. का नसेल? पण तो वेगळा. पोरं जातात. तुझे वडील सातारा सोडून आले ते कुठे परत गेले? तो राग एक-दोन दिवाळ्यांत उतरला असता. त्यासाठी का कोणी इतकं धरून बसतं?”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवत असते. एक-दोन दिवाळ्या. आणि किती दिवाळ्या गेल्या, ते मी मोजत नाही. मोजायला हाताची बोटं पुरतील, पण मोजवत नाही.

तुम्हाला वाटेल, आजोबांना तुमच्या बाबाची काळजीच नव्हती. तसं नाही. तो बोलत असायचा आणि हे अंगणात असायचे, पण खिडकीपासून लांब कधी गेले नाहीत. तुमच्या बाबाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शेजारणीला सांगत होते, उजवा गुडघा. हे आतून म्हणाले, “डावा.” त्याची नोकरी गेली होती ते काही महिने, फोन झाला की हे मला विचारायचे नाहीत, पण त्या दिवशी जेवायचे कमी. नवी लागली ते कळलं त्या संध्याकाळी फ्रीगंजातून गरमागरम गराडू, म्हणजे थंडीतला तळलेला कंद, घेऊन आले. मी विचारलं, आज काय विशेष? म्हणाले, “थंडी आहे.” हे सगळं त्यानं पाहायला हवं होतं. त्याला दिसायची ती रिकामी खुर्ची, आणि ऐकू यायची ती पाण्याची झारी.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला एकाच गोष्टीची हळहळ आहे. जगात दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली असती तर मी समजू शकले असते. पण ही आमच्या शाळेतली चूक होती. सहामाहीला यायची, वार्षिकला यायची. तपासताना दुरून ओळखू यायची. मुलींना मी बजावायची, रंग बघून अर्थ लावू नका, प्रत्येक भाषेत रंग वेगळे काम करतात. इंग्रजीत पिवळा म्हणजे भित्रा, आणि आपल्याकडे मुलीचे हात पिवळे करतात. शेकडो वह्यांत मी तो शब्द दुरुस्त केला. ज्या एका माणसाच्या मनात तो चुकीचा लिहिलेला होता, तो रोज माझ्यासमोर जेवायला बसत होता. पण ती वही माझ्याकडे तपासायला आलीच नाही.

पुढच्या शनिवारी आजोबा न्हाव्याकडे जाऊन आले. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून टॅबलेटसमोर बसले आणि मला म्हणाले, “तू नको बसू. आत जा.” मी आत गेले, पण दार लावलं नाही.

तुम्ही दोघांनी ‘आजोबा!’ म्हणून आरडाओरडा केलात. मग मागून तुमचा बाबा आला. सवयीप्रमाणे वाकून बघितलं, समोर मी नाही, अण्णा आहेत असं दिसलं, आणि म्हणाला, “आई नाहीये का? बरं, मी नंतर करतो.” आणि बाजूला झाला. इतक्या वर्षांत त्यालाही सवय लागली होती. खुर्ची मागे न्यायची सवय फक्त एकाच घरात नव्हती.

“ए,” आजोबा म्हणाले. “इकडे ये. बस.”

तो बसला. तुम्हा दोघांना त्यानं आत पाठवलं, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. पडद्याच्या जवळ गेले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तुझे केस पांढरे झाले,” ते म्हणाले.

“हो, अण्णा.”

“कधी?”

“हळूहळू झाले.”

“मला नाही माहीत पडलं.”

मग आजोबांनी घसा साफ केला आणि ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, “त्या दिवशी फोनवर तू व्हाइट लाय म्हणाला होतास.”

“कुठल्या दिवशी?”

“घर घेतल्याचं सांगितलंस त्या दिवशी. मी विचारलं, पुढच्या वर्षी येतो म्हणायचास ते काय होतं. तू म्हणालास, ते व्हाइट लाय होतं.”

तुमच्या बाबानं आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं, मला दारातून त्याचा चेहरा दिसत होता. “असं म्हणालो होतो का मी?” तो म्हणाला. “मला आठवत नाही, अण्णा. तुम्ही फोन ठेवलात तेवढं आठवतं.”

त्या शब्दानं आमच्या घरातल्या खुर्च्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि ज्यानं तो उच्चारला त्याला तो आठवतही नव्हता. तो तिकडे रोज असे दहा शब्द बोलत असेल. त्याची चूक नाही. कुणाचीच म्हणावी अशी चूक मला सापडत नाही, आणि सापडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणाला होतास,” आजोबा म्हणाले. “चांगलं म्हणाला होतास. माझी इंग्रजी कमी पडली. मी ते सफेद झूठ समजलो.”

तुमचा बाबा उज्जैनचा मुलगा आहे. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं तोंडावर हात ठेवला. आजोबा त्याला म्हणाले, “असू दे. असू दे रे.” मग तिकडे थंडी आहे का विचारलं. तो म्हणाला, इकडे आता उन्हाळा लागतो आहे. “हां, उलटंच आहे तुमचं,” आजोबा म्हणाले, आणि दोघंही थोडे हसले.

शेवटी आजोबा म्हणाले, “जमेल तसा ये.”

आणि तुमचा बाबा म्हणाला, “पुढच्या वर्षी येतो, अण्णा.”

त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं असावं. म्हटल्यावर त्यालाही ऐकू आलं, कारण तो एकदम थांबला. आजोबाही थांबले. मी दारातच उभी होते. आजोबांनी मान वळवून मला विचारलं, हळूच, पण टॅबलेटला ऐकू जाईल एवढं, “हे इंग्रजीतलं आहे की आपल्यातलं?”

तेवढ्यात धाकटा धावत आला, काहीतरी सांडलं होतं, आणि फोन संपला.

तेव्हापासून ते दोघं बोलतात. दर रविवारी नाही, पण बोलतात. हवा, गुडघे, क्रिकेट. मध्ये मध्ये गप्प बसतात. इतकी वर्षं न बोललेली दोन माणसं एकदम काय बोलणार? मला आधी वाटलं होतं, की एकदा गैरसमज निघाला की मागचं सगळं भरून येईल. तसं झालं नाही. शब्द दुरुस्त झाला, तेवढंच. तुमच्या बाबाचे केस पांढरे होताना आजोबांनी पाहिले नाहीत. आजोबांना जिना चढताना दम लागायला लागला, ते तुमच्या बाबाला परवा परवा कळलं.

गेल्या महिन्यात वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या नर्सबाईंची रतलामला बदली झाली. चांगल्या होत्या, जाताना डोळ्यांत पाणी होतं. खोली रिकामी झाली की त्याच दिवशी आजोबा कपाटामागची पत्र्याची पाटी काढून फाटकावर लावतात. या वेळी दोन-तीन दिवस गेले तरी पाटी निघाली नाही. मी म्हटलं, “अहो, पाटी?”

“राहू दे.”

“रिकामी खोली लगेच खराब होते. पावसाळ्यात गळते. झाडायला-पुसायला मी वर जाऊ शकत नाही, तुम्हाला जिना झेपत नाही. पांढरा हत्ती होईल तो.”

“होऊ दे,” ते म्हणाले. “पोसू.”

आता रोज सकाळी ते वर जाऊन खिडक्या उघडतात आणि दिवेलागणीला लावून येतात. जिन्यात मध्येच थांबतात, तिथे कठड्याला धरायला एक दोरी बांधली आहे. गेल्या आठवड्यात चुनाही मारून घेतला. पुढच्या वर्षी येतो असं तुमचा बाबा म्हणाला आहे. मी त्याला पुन्हा काही विचारलेलं नाही, आणि आजोबांनीही नाही.